मात्सूआजीचा दिवा

नवरा-बायको दोघांनीच मिळून एक नाव चालवायची म्हटलं, की कामं वाटून घ्यावी लागतात. कुन-हायच्या नावेवर ही वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात होऊन गेली होती. इंजिन, डिझेल, लंगर आणि शिव्या त्याच्याकडे. गळ, आमिष, स्वयंपाक आणि देव शिऊ-ग्वातकडे. एकमेकांच्या कामात दोघं सहसा बोट घालत नसत. घातलंच तर त्याचं काय होतं, ते दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

देव म्हणजे समुद्राची देवी मात्सूआजी. केबिनमध्ये, सुकाणूच्या चाकाच्या वरच्या अंगाला, एक लहानसा लाल देव्हारा होता. त्यात धुरानं काळवंडलेली वीतभर मूर्ती, तिच्यापुढे उदबत्तीचं भांडं, चहाचे तीन इवलेसे पेले आणि एक तांबडा विजेचा दिवा. बेटावरच्या सगळ्याच नावांवर असा दिवा असतो. नाव धक्क्याला लागली की लोक तो मालवतात. शिऊ-ग्वातचा दिवा मालवत नसे. तिचा मुलगा आ-तेक माकूळ धरणाऱ्या मोठ्या जहाजावर चढून पृथ्वीच्या पार पलीकडच्या समुद्रावर गेला, त्या दिवशी तिनं आजीपुढे नेम धरला होता. पोर घरी येईपर्यंत हा दिवा विझू द्यायचा नाही.

कुन-हाय तेव्हा एवढंच म्हणाला होता, "नेम तुझा. पण दिव्याला वीज लागते, ती कोण देणार?"

"तुम्ही," शिऊ-ग्वात म्हणाली होती.

मग त्यानं जुन्या स्कूटरची एक लहान बॅटरी आणून देव्हाऱ्याखाली बसवली. अधूनमधून ती काढून तो धक्क्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात भरून आणी. ते काम इंजिनाच्या खात्यातलं, म्हणून शिऊ-ग्वातनं त्यात कधी डोकावून पाहिलं नाही. रोज पहाटे ती धक्क्यावर येई, पेल्यांत ताजा चहा ओती, उदबत्ती लावी, दिवा जळतोय हे पाही आणि घरी जाऊन रताळ्याची पेज शिजायला टाकी. पाऊस असो, ताप असो, यात खंड नव्हता.

हिवाळ्यात या बेटांवर वारा पाहुण्यासारखा येत नाही, जावयासारखा येतो आणि मुक्काम ठोकतो. त्या वर्षी ईशान्येचा वारा असाच बसला. नावा धक्क्याला एकमेकींना घासत उभ्या राहिल्या. बायका तोंडावर फडकी गुंडाळून दगडी कुंपणांच्या आडोशाला कोबी जगवत होत्या, आणि पुरुष देवळाच्या ओट्यावर बसून बसून एकमेकांना नकोसे झाले होते. मग एका सकाळी वारा एकाएकी पडला. जो तो डिझेलचे डबे घेऊन धक्क्याकडे पळाला.

कुन-हायचं इंजिन त्या सकाळी लगेच उठलं नाही. म्हाताऱ्यासारखं कण्हलं, थांबलं, पुन्हा कण्हलं आणि मग एकदाचं धडधडू लागलं.

"थंडीनं," कुन-हाय म्हणाला.

"मी काही विचारलं का?" शिऊ-ग्वात म्हणाली.

बैलाची पाठ म्हणून काळ्या दगडांची एक रांग आहे. भरतीला बुडते, ओहोटीला उघडी पडते. तिच्या वाऱ्याकडच्या अंगाला, दगडांच्या कपारींत, हिवाळ्यात हेकरू मासे बसतात. तिथे लंगर टाकायचा, इंजिन बंद करायचं आणि गप्प बसून गळ सोडायचे. इंजिनाच्या आवाजानं हेकरू कपारीत शिरून बसतो, मग तुम्ही बांगडा द्या की कोळंबी, तो तोंड उघडत नाही. दोघं दुपारपर्यंत तिथे बसली. पाच-सहा चांगले मासे लागले. आजूबाजूच्या दोन-तीन नावा उत्तरेचं आकाश बघून आधीच निघून गेल्या.

"चला आता," शिऊ-ग्वात म्हणाली.

"अजून एक."

"अजून एक म्हणत म्हणत तुमचे आजोबा बुडाले."

"माझे आजोबा खाटेवर मेले. बुडाले ते तुझे."

"तेच ते. अजून एक म्हणणारेच होते."

कुन-हायनं गळ गुंडाळला. वारा परत येत होता. पाण्यावर आधी सुरकुत्या पडल्या, मग त्यांच्या कडा पांढऱ्या झाल्या. त्यानं किल्ली फिरवली. खाली कुठेतरी एकदा 'टक्' झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. इंजिन हललंसुद्धा नाही.

त्यानं वायरलेस लावून पाहिला. तोही इंजिनाच्या त्याच मोठ्या बॅटरीवर. दोन शब्द घरघरला आणि बंद पडला.

एखादं इंजिन बंद पडलं तर बंदरात ती चेष्टेची गोष्ट असते. बैलाच्या पाठीपुढे तसं नव्हतं. वारा नावेला नेमका त्या दगडांकडेच ढकलत होता. मध्ये होता तो एक लंगर आणि त्याचा दोर. शिऊ-ग्वात पुढे गेली आणि तिनं दोरावर हात ठेवला. ताणलेल्या दोरातून खालची कुरकुर तळव्याला कळत होती. दगडाची धार दोराला चावत होती. लाट आली की दोर ताणला जाई, आणि प्रत्येक ताणाबरोबर ती कुरकुर हाताखाली येई.

"दोर घासतोय," ती मागे येऊन म्हणाली.

"ठाऊक आहे."

कुन-हायनं इंजिनाच्या चाकाला हँडल लावलं. तरुणपणी तो असंच हातानं इंजिन उठवत असे. पण एका जाळ्याच्या दोरानं त्याचा उजवा खांदा निखळवला होता, तेव्हापासून तो खांदा अर्ध्यावरच थांबे. त्यानं चाक फिरवलं. एक फेरा, दीड फेरा. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. त्याचा चेहरा घामानं भिजला.

"एकट्या हातानं नाही होणार," तो म्हणाला. "बॅटरीनं थोडा तरी धक्का द्यायला हवा. जरा निजवली पाहिजे तिला, आणि गरम केली पाहिजे. थंडीत तिची ताकद आखडते. पाणी ठेव उकळायला."

"किती?"

"नातवंडाला न्हाऊ घालशील तेवढं."

"नातवंड आहे कुठे?" म्हणत शिऊ-ग्वातनं गॅसवर समुद्राच्या पाण्याचं पातेलं चढवलं. कुन-हायनं पाना घेतला आणि इंजिनाच्या बाजूची फळी उचलली. खाली अंधार होता, म्हणून विजेरी धरायला ती वाकली. आणि तिथेच तिची नजर अडली.

बॅटरीच्या शिरावर दोन जाड काळ्या तारा होत्या, त्या असायच्याच. पण एका तारेच्या खाली, नटाखाली दाबलेली, एक बारीक तांबडी तार होती. ती फळीच्या कडेनं वर गेली होती, केबिनच्या कोपऱ्यातून चढून देव्हाऱ्याच्या मागे नाहीशी झाली होती.

"अहो."

"काय?"

"ही तार कसली?"

कुन-हाय नट सोडवता सोडवता थांबला.

"स्कूटरची बॅटरी गेली," तो म्हणाला. "शरदातल्या मूनकेकच्या सणाच्या सुमाराला. भरून ठेवली की संध्याकाळपर्यंत रिकामी. एका सकाळी येऊन बघतो तर दिवा मिणमिणत होता. तू पाठोपाठ येतच होतीस. मग मी तार इकडे लावून टाकली. नवीन आणायला बोटीनं मागोंग शहरात जायचं होतं, ते राहिलं."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, दिवा विझला. विझला नव्हता. मी वेळेवर लावली."

शिऊ-ग्वातनं तारेवरून विजेरी वर देव्हाऱ्यापर्यंत फिरवली. वाऱ्यामुळे नाव धक्क्याला पडून होती तेवढे दिवस हा दिवा रात्रंदिवस मोठ्या बॅटरीला चोखत होता. ती रोज पहाटे येऊन तो जळताना पाहत होती आणि समाधानानं घरी जात होती.

"आता ही सोडवायची," कुन-हाय म्हणाला, "म्हणजे बॅटरी बाहेर काढता येईल."

"म्हणजे दिवा विझणार."

"विझणारच. बॅटरी निजवायची म्हणजे तिच्यावर कुणाचं ओझं नको."

"थांबा."

"शिऊ-ग्वात, दोर घासतोय."

"मला कळतंय दोर घासतोय. तुमच्यापेक्षा जास्त कळतंय, हात माझा होता त्याच्यावर." तिचा आवाज वाढला नव्हता, तो सहसा वाढत नसेच. "हा दिवा तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठीही नाही. आपण दोघं बुडालो तर बुडालो, वय झालंय. तो तिकडे एकटा आहे."

"एकटा?" कुन-हायनं पाना खाली ठेवला. "अगं, त्याच्या जहाजावर गावभर माणसं आहेत. जहाजाची स्वतःची मात्सू आहे, आपल्या आजीपेक्षा दुप्पट मोठी. आणि माकूळ यावेत म्हणून रात्रभर शेकडो दिवे पेटवतात ते समुद्रावर, बादल्यांएवढाले. आपल्या अख्ख्या बेटावर नसेल तेवढा उजेड त्याच्या डोक्यावर आहे. तुझा हा एवढासा दिवा त्याला दिसत असेल का?"

"त्याला दिसायला लावलाच नाही तो. आजीला दिसायला लावलाय."

देव तिच्या खात्यातला होता.

"विचार मग तिला," तो म्हणाला. "पण लवकर विचार."

शिऊ-ग्वातनं देव्हाऱ्याखालच्या खणातून कौलाच्या दोन कोरी काढल्या. लाकडाच्या, चंद्रकोरीसारख्या, एका अंगानं सपाट आणि दुसऱ्या अंगानं फुगीर. हातातून सोडल्यावर एक सपाट आणि एक फुगीर पडली की आजीचा होकार. दोन्ही फुगीर, तर नकार. दोन्ही सपाट पडल्या की आजी हसली. म्हणजे तिचं ना हो ना नाही. विचारणाऱ्याचाच प्रश्न चुकला. हलत्या नावेत कोरी घरंगळू नयेत म्हणून तिनं कुन-हायचा कापसाचा कोट चार पदरी घालून जमिनीवर ठेवला, गुडघे टेकले आणि हात जोडले. देवळातले पुजारी म्हणतात तसं आजीचं सगळं मोठं नाव तिनं घेतलं. स्वर्गाची राणी, समुद्राची रक्षणकर्ती, पवित्र माता.

"आम्ही तुझा दिवा विझवू का?"

कोरी पडल्या. दोन्ही सपाट.

"हसली," कुन-हाय म्हणाला.

"मला डोळे आहेत."

तिनं पुन्हा नमस्कार केला. पुन्हा सगळं मोठं नाव, एकही पदवी न गाळता. "दिवा विझवला तर आमच्या पोरावर तुझा राग होणार नाही ना?"

पुन्हा दोन्ही सपाट.

पुढून दोराचा एक मोठा कर्र आवाज आला. या खेपेस तो केबिनपर्यंत ऐकू आला. नाव जराशी मागे सरकली, मग पुन्हा अडली. पातेल्यात पाणी उकळू लागलं होतं.

"ती हसणारच," कुन-हाय म्हणाला. "दगडावर आपटायला निघालेल्या नावेत बसून बाई तिला पदव्या ऐकवतेय."

तो चिडून बोलला होता, पण शिऊ-ग्वातचा हात कोरींवर तसाच राहिला. तिला सासू आठवली. सासूबाई दात पडलेल्या, कडक, आणि मात्सूच्या बाबतीत फार सलगी करणाऱ्या होत्या. समुद्रावर तिला कधी पदवीनं बोलवायचं नाही, असं त्या सुनेला शिकवत. राणी म्हणून हाक मारलीस तर ती राणीसारखी येईल. आधी केस विंचरील, मुकुट घालील, रेशमी झगा चढवील, दासींना दिवे घेऊन पुढे चालायला सांगेल. तोवर तुझी नाव गेली तळाला. आजी म्हणून हाक मार. मग ती हातातलं काम टाकून, आहे त्या कपड्यांत, अनवाणी, मोकळ्या केसांनी धावत येते.

हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. पण आ-तेक गेल्यापासून तिनं आजीला आजी म्हटलंच नव्हतं. रोज पहाटे सगळ्या पदव्या, सगळा मान, अखंड दिवा. मागणं मोठं होतं, म्हणून तिला वाटलं होतं की हाकही मोठी हवी.

तिनं कोरी उचलल्या. या वेळी कपाळाला लावल्या नाहीत.

"आजी," ती म्हणाली, "इथे अंधार होणार आहे. आहेस तशी ये."

एक सपाट, एक फुगीर.

"तीन वेळा घ्यायचा असतो ना कौल?" कुन-हायनं विचारलं. त्याचा हात पान्यावर होताच.

"धावत येणाऱ्या बाईला तीनदा विचारतात का? सोडवा."

तार निघाली. देव्हाऱ्यातला तांबडा उजेड गेला आणि मूर्तीचा चेहरा मागच्या लाकडात मिसळून गेला. शिऊ-ग्वातनं तिकडे एकदाच पाहिलं. मग दोघांनी मिळून बॅटरी वर उचलली आणि मासे ठेवायच्या टबात बसवली. उकळत्या पाण्यात गार पाणी घालून, कोपरानं कढतपणा बघून, तिनं ते सभोवती ओतलं. वरच्या दोन्ही शिरांना पाणी लागू नये म्हणून कुन-हायनं त्यांवर चिंधी धरली होती. बारशाच्या बाळाला पाटावर बसवून न्हाऊ घालावं तशी ती काळी, चौकोनी, जड वस्तू टबात बसली होती.

"तोंडावर पाणी नको," कुन-हाय म्हणाला.

"चार पोरं न्हाऊ घातलीत मी."

"तीन."

"चौथे तुम्ही. खांदा निखळला तेव्हा."

पाणी निवलं की ती गरम पाणी घाले. मधून मधून पुढे जाऊन ती दोर चाचपे आणि परत येई. कुन-हाय तिच्या तोंडाकडे बघे, विचारत मात्र नसे. भात शिजून खाली उतरावा इतका वेळ गेला. लाटा आता नावेच्या तोंडावर फुटून केबिनच्या काचेपर्यंत येत होत्या.

"एक पीळ तुटलाय," ती शेवटच्या खेपेला म्हणाली. "दुसरा तुटायला आलाय."

"मग आता."

त्यांनी बॅटरी पुसून जागेवर बसवली. जाड तारा लावल्या. बारीक तांबडी तार तशीच लोंबत राहिली. इंजिनाच्या डोक्यावर एक छोटी कळ असते. ती उचलून धरली की आतला दाब सुटतो आणि चाक हलकं फिरतं. ती कळ शिऊ-ग्वातनं बोटानं उचलून धरली. दुसरा हात किल्लीवर. कुन-हायनं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"मी 'सोड' म्हटलं की कळ सोड आणि किल्ली फिरव. आधी नाही, नंतर नाही."

"लग्नात पण हेच सांगितलं होतंत."

तो फिरवू लागला. चाक हलकं फिरलं, आणखी फिरलं, वेग घेतला. खांदा अडायच्या आधीच तो ओरडला, "सोड!"

कळ पडली. किल्ली फिरली. बॅटरीत जे काही उरलं होतं ते एका दमात निघालं. खालून एक जाड, ओलसर हुंकार आला, मग दुसरा. मग काळा धूर, आणि इंजिन धडधडलं.

कुन-हाय तिथेच खाली बसला. शिऊ-ग्वातनं सुकाणूचं चाक हाती घेतलं, नाव पुढे काढली. दोर सैल झाला. लंगर कपारीत रुतून बसला होता, ओढून निघेना. दोराचा घासलेला भाग वर आला होता, त्याच्या खालून तिनं विळ्यानं दोर कापला. खालचं टोक पाण्यात गेलं. वरचं टोक तिनं पाहिलं. तीन पिळांपैकी एकच धड उरला होता. तिनं ते कुन-हायला दाखवलं नाही, गुंडाळून फळीखाली टाकलं.

बेटाचा धक्का दिसू लागल्यावर कुन-हाय उठला. इंजिन चालू होतं, आता बॅटरी भरत होती. त्यानं तांबडी तार उचलली.

"लावू का?"

"नको."

"आता भीती नाही. चालू इंजिनावर चालेल."

"ती अनवाणी आलीये," शिऊ-ग्वात म्हणाली. "बसू दे तशीच. घरी जाईपर्यंत उजेडात नको आणायला."

कुन-हायनं तार खाली ठेवली. आणि बायको शुद्धीवर आहे ना, म्हणून तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला.

आ-तेकचा फोन नववर्षाच्या आधी आला. जहाज कुठल्याशा बंदरात डिझेल भरायला थांबलं होतं. बेटावर फोन होता तो किराणा दुकानात, आणि दुकानदारीण बाई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारी. शिऊ-ग्वात ओल्या हातांनी पळत गेली. कुन-हाय मागून आला आणि तांदळाच्या पोत्यावर बसून उगाच मिठाच्या पुड्या मोजू लागला.

मुलाचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता. तो बरा होता. जेवण वाईट होतं. माकूळ भरपूर होते. रात्री दिव्यांच्या झोतात झोप लागत नाही, म्हणून तो डोळ्यांवर मोजा बांधून निजतो, असं त्यानं सांगितलं.

"तुझ्यासाठी दिवा लावलाय," शिऊ-ग्वात म्हणाली. त्या दिवसाचं आणि तेव्हापासून तार तशीच लोंबतेय याचं तिनं काहीच सांगितलं नाही.

"कुठला दिवा?"

"नावेवरचा. आजीपुढचा."

"अच्छा," आ-तेक म्हणाला. मग एकाएकी त्याचा आवाज जवळ आल्यासारखा झाला. "आई, बाबांनी मोठी बॅटरी बदलली का? निघताना मी त्यांना दहादा सांगितलं होतं. ती जुनी झालीये, हिवाळ्याच्या आधी बदला म्हणून. हो म्हणाले होते."

शिऊ-ग्वातनं वळून पाहिलं. मिठाच्या पुड्या मोजून संपल्या होत्या; कुन-हाय आता काड्यापेट्यांकडे वळला होता.

"बदलतायत," ती फोनमध्ये म्हणाली. "उद्याच्या बोटीनं मागोंगला चाललेत."

दुसऱ्या दिवशी कुन-हाय पहिल्या बोटीनं गेला आणि संध्याकाळी दोन बॅटऱ्या घेऊन परत आला. एक मोठी, एक लहान. मोठी त्यानं जागेवर बसवली. लहान घेऊन तो देव्हाऱ्याकडे वळला, तेव्हा शिऊ-ग्वात तिथे उभी होती.

"आणा इकडे," ती म्हणाली.

"तुला नाही जमणार. पाना लागतो."

"मग पाना द्या."

"पोराला त्या दिव्याचं काही नाही गं. ऐकलंस ना? कुठला दिवा म्हणाला."

"नेम पोराशी नव्हता धरला."

त्यानं पाना दिला. तिनं बारीक तांबडी तार लहान बॅटरीला लावली आणि नट आपल्या हातानं आवळला. दर आठवड्याला ती बॅटरी भाजीच्या पाटीत घालून दुरुस्तीच्या दुकानात न्यायचं आणि भरून आणायचं, हे तिनं तेव्हाच ठरवलं. ते काम त्या दिवसापासून देवाच्या खात्यात आलं.

दिवा लागला. तिनं पेल्यांत चहा ओतला, उदबत्ती लावली आणि हात जोडले. पदव्या घेतल्या नाहीत.

"आजी," ती म्हणाली, "चहा गार होईल."